चार हजार किलोमीटरवरचे शेजारी

वऱ्हाडातल्या तेल्हाऱ्याचं एखादं पोट्टं खेळात चमकलं, की त्याच्यासाठी देशाचे दोन वेगवेगळे नकाशे तयार असतात. गाडेगावच्या डॉ. गोपाळराव खेडकर महाविद्यालयातून खेळत ते संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या संघात पोचलं, तर ते ‘पश्चिम विभागा’चं होतं. मग त्याची गाठ गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश, गोवा आणि उरलेल्या महाराष्ट्रातल्या विद्यापीठांशी पडते. तेच पोट्टं क्रिकेटमध्ये पुढे जाऊन विदर्भाकडून खेळू लागलं, तर मात्र ते ‘मध्य विभागा’चं ठरतं. तिथे उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश हे सोबती; मुंबई आणि महाराष्ट्र हे पश्चिमेकडचे प्रतिस्पर्धी. गाव तेच, सातपुड्याचा पायथा तोच, वान नदी तीच. तरी कबड्डीसाठी आपण पश्चिमेला आणि क्रिकेटसाठी मध्यावर.

खेळाचे नकाशे माणसंच काढतात, आणि ती ते कशावरून काढतात हे पाहत गेलं की थक्क व्हायला होतं. आपल्याकडे हे विभाग इतिहासातून आले. वऱ्हाड ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार’चा भाग होता आणि त्याच नावाचा संघ १९३४ साली सुरू झालेल्या रणजी स्पर्धेत उतरत असे. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, वऱ्हाड आणि नागपूर मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. पण १९५७-५८ पासून ‘विदर्भ’ म्हणून रणजी खेळणारा संघ मध्य भारताच्या सोबत्यांतच राहिला. राज्य बदललं, खेळाचा शेजार बदलला नाही.

अमेरिकेत गेल्या काही वर्षांत याच्या नेमकं उलट घडलं. तिथे राज्यं जागच्या जागी आहेत, विद्यापीठं जागच्या जागी आहेत, आणि खेळाचा शेजार मात्र पार उधळला गेला आहे. स्टॅनफर्ड आणि बर्कली ही कॅलिफोर्नियातली दोन नामांकित विद्यापीठं. पॅसिफिक महासागर तिथून हाकेच्या अंतरावर. ही दोन्ही विद्यापीठं २०२४ पासून ज्या गटात खेळतात त्याचं नाव आहे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाच्या किनाऱ्याचा गट. त्याच गटात बोस्टन कॉलेज आहे. बर्कली ते बोस्टन हे अंतर सरळ रेषेत ४,३०० किलोमीटरच्या आसपास भरतं. तेल्हाऱ्याहून जवळपास तेवढंच अंतर वायव्येकडे कापलं तर पाकिस्तान, इराण, इराक मागे टाकून आपण दमास्कसला पोचू. गटातला ‘शेजारी’ संघ इतका लांब, आणि हा सामना म्हणजे काही विश्वचषक नव्हे. कॉलेजच्या मुलामुलींच्या नेहमीच्या हंगामातला तो एक साधा सामना.

हे कसं झालं ते सांगण्याआधी अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाचा आकार डोळ्यांसमोर यायला हवा, कारण आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांवरून त्याची कल्पना करता येत नाही. आपल्याकडे विद्यापीठाच्या संघातून खेळला की ‘कलर होल्डर’ हा मान मिळतो, घरचे आणि वर्गातले कौतुक करतात, सामन्याला मात्र मैदानाच्या कडेला दोन-तीनशे माणसं असतात. मिशिगन विद्यापीठाचं फुटबॉल मैदान १ लाख ७ हजार प्रेक्षकांचं आहे. लाखाहून जास्त आसनांची अशी कॉलेजची मैदानं त्या देशात अर्ध्या डझनाहून अधिक आहेत. हा फुटबॉल त्यांचा, म्हणजे लांबट चेंडू छातीशी धरून पळण्याचा. शनिवारचा दिवस कॉलेजांचा आणि रविवार व्यावसायिक संघांचा, अशी तिथली जुनी वाटणी आहे.

या कॉलेजांचे गट म्हणजे कॉन्फरन्स. गटातले संघ आपसात खेळतात, गटाचा विजेता ठरतो, नियम गट ठरवतो. सगळ्यात जुन्या गटांपैकी ‘बिग टेन’ १८९६ मध्ये सात विद्यापीठांनी शिकागो परिसरात उभा केला. पॅसिफिक किनाऱ्यावरचा गट १९१५ च्या डिसेंबरात पोर्टलंडमध्ये जन्मला. त्यात वॉशिंग्टन, ओरेगॉन, ओरेगॉन स्टेट आणि बर्कली असे चौघेच. त्या काळी प्रवास आगगाडीचा. शनिवारी खेळून सोमवारी वर्गात बसता आलं पाहिजे, एवढंच गणित. नकाशा रेल्वेने काढलेला होता म्हणा ना. शेजारी गावाची खुन्नस, एकमेकांचे पराभव तोंडपाठ असणं, बापाने पाहिलेला सामना लेकाने पाहणं, हे सगळं त्या अंतराच्या मर्यादेतून रुजलं. पुढे संघ वाढले, पण किनारा तोच राहिला.

मग टीव्ही आला.

सुरुवातीला कॉलेजांना टीव्हीची भीती वाटली. घरबसल्या सामना दिसला तर तिकीट कोण काढणार? म्हणून एनसीएए या त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने १९५० च्या दशकाच्या आरंभीच सगळ्यांचे प्रक्षेपण हक्क आपल्या हातात घेतले. पेनसिल्व्हानिया विद्यापीठ आपले सामने स्वतः दाखवत होतं, त्यालाही माघार घ्यावी लागली. कोणता सामना दिसेल, किती वेळा दिसेल, पैसे किती मिळतील, सगळं वरून ठरणार. वऱ्हाडातल्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही. १९७२ पासून आपल्याकडे कापसाची एकाधिकार खरेदी होती. पिकवणारा तुम्ही, पण विकायचा फक्त पणन महासंघाला, राज्याबाहेर न्यायला बंदी, भाव वरून ठरलेला आणि चुकारे कधी येतील ते नशिबावर. चांगला कापूस पिकवणाऱ्याला जो सल होता, तोच ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठांना होता. त्यांचे सामने अख्ख्या देशाला पाहायचे होते, पण नियमानुसार कोणत्याही संघाला दोन वर्षांत सहाहून जास्त वेळा पडद्यावर येता येत नव्हतं.

पुढे कोर्टात एक उदाहरण मांडलं गेलं, ते मला या साऱ्या गोष्टीचा गाभा वाटतं. १९८१ मध्ये एकाच आठवडाअखेरीस दोन सामने दाखवले गेले. ओक्लाहोमा विरुद्ध सदर्न कॅलिफोर्निया हा बलाढ्यांचा सामना २०० हून अधिक केंद्रांवर दिसला. सिटाडेल विरुद्ध अ‍ॅपलेशियन स्टेट हा लहान कॉलेजांचा सामना दिसला फक्त चार केंद्रांवर. चारही संघांना पैसे मात्र सारखेच मिळाले.

बलाढ्यांना हा अन्याय वाटला, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयालाही तो खुल्या बाजाराच्या कायद्याचा भंग वाटला. २७ जून १९८४ रोजी सात विरुद्ध दोन अशा मताने एनसीएएचा एकाधिकार मोडला. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट हे स्वतः एकेकाळचे कॉलेज फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते. हा खेळ शिक्षणसंस्थांचा आहे, त्याला निव्वळ धंद्याची फूटपट्टी लावू नका, असा त्यांच्या मताचा रोख होता. खंडपीठावरचा जो माणूस मैदानावर चिखलात लोळला होता, त्यालाच पुढचा धोका दिसला, हे मला विलक्षण वाटतं.

निकालाने हक्क मोकळे झाले. पण एकेकट्या कॉलेजला टीव्ही कंपनीशी घासाघीस करणं परवडणारं नव्हतं. नोत्र दाम विद्यापीठाने एनबीसीशी १९९१ पासून स्वतंत्र करार केला, तो अपवाद. बाकीच्यांनी आपले हक्क आपापल्या गटाच्या नावे लिहून दिले. इथे गटाचा अर्थच बदलला. कालपर्यंत तो खेळण्यासाठी होता; आता तो एकत्र माल विकण्यासाठी झाला. आणि एकत्र विकायचं म्हटल्यावर ‘आपल्या जवळ कोण आहे’ हा प्रश्न मागे पडून ‘कुणाला घेतलं तर भाव चढेल’ हा प्रश्न पुढे आला.

भाव कसा चढतो, त्याची यंत्रणा थोडी तपशिलात पाहण्यासारखी आहे. २००७ मध्ये बिग टेनने फॉक्सबरोबर स्वतःची वाहिनी काढली. अमेरिकेत केबलचं पॅक घेणाऱ्या प्रत्येक घराच्या बिलातून प्रत्येक वाहिनीला ठरावीक रक्कम जाते, घरात ती वाहिनी कुणी लावो वा न लावो. ज्या राज्यात गटाचा संघ आहे तिथे ती रक्कम जास्त, जिथे नाही तिथे अगदी किरकोळ. म्हणजे नव्या राज्यातला एक संघ गटात आणला की त्या राज्यातल्या लाखो घरांचा दर एका रात्रीत वर जातो. २०१२ मध्ये बिग टेनने न्यू जर्सीतल्या रटगर्सला आणि मेरिलँडला बोलावलं, २०१४ मध्ये ते आले. रटगर्सचा फुटबॉल काही देश गाजवत नव्हता. पण न्यू जर्सीच्या शेजारी न्यूयॉर्क आहे आणि मेरिलँडच्या शेजारी राजधानी वॉशिंग्टन. गटाने खरं तर घरं मोजली होती. तिथली एखादी आजी जुने सिनेमे पाहायला केबल घेत असेल, तर तिच्या बिलातले काही सेंट आयोवातल्या एखाद्या विद्यापीठाच्या व्यायामशाळेत पोचू लागले. कोण कुणाला पोसतंय याचा पत्ता दोघांनाही नाही, आणि मधे देशाचा नकाशा हलतोय. यंत्रणा म्हणून ही गोष्ट थक्क करणारी आहे.

पॅसिफिक किनाऱ्याच्या गटाने, म्हणजे तोवर बारा संघांच्या ‘पॅक-ट्वेल्व्ह’ने, २०१२ मध्ये आपली वाहिनी काढली. त्यांनी भागीदार घेतला नाही, मालकी सगळी स्वतःकडे ठेवली. पण डायरेक्टटीव्ही या मोठ्या उपग्रह सेवेशी त्यांचं कधीच जमलं नाही आणि देशातल्या असंख्य घरांत ती वाहिनी दिसलीच नाही. त्यात घड्याळाची अडचण. आपल्या देशात एकच वेळ; अमेरिकेच्या मुख्य भूमीवर चार. कॅलिफोर्नियात संध्याकाळी साडेसातला सामना सुरू होतो तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. पूर्वेकडची निम्मी माणसं झोपायला गेलेली.

मग लोक केबल तोडून मोबाइलकडे आणि इंटरनेटकडे वळू लागले. घरं मोजण्याचं गणित ढासळलं. आता किती घरांच्या बिलात वाहिनी आहे यापेक्षा किती डोळे खरोखर त्या क्षणी पडद्यावर आहेत हे महत्त्वाचं ठरलं. मालिका लोक पुढे कधीतरी पाहतात, जाहिराती उडवून पाहतात. सामना मात्र चालू असतानाच पाहावा लागतो. निकाल कळल्यावर त्यात राम राहत नाही. म्हणून थेट सामन्याची किंमत वाढतच गेली, आणि त्यातही मोठ्या नावांच्या सामन्यांची.

२०२२ चा उन्हाळा या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखा आहे. जूनच्या मध्यावर मुंबईत आयपीएलच्या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव ४८,३९० कोटी रुपयांना झाला. दोन आठवड्यांनी, ३० जूनला, लॉस एंजेलिसची दोन दिग्गज विद्यापीठं, सदर्न कॅलिफोर्निया आणि यूसीएलए, जवळपास शंभर वर्षांचा शेजार सोडून बिग टेनमध्ये निघाली. आणि ऑगस्टमध्ये बिग टेनचा फॉक्स, सीबीएस, एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा करार जाहीर झाला: ७०० कोटी डॉलरहून जास्त, म्हणजे तेव्हाच्या दराने ५५ हजार कोटी रुपयांच्या आसपास. कॉलेजच्या एका गटाला! पृथ्वीच्या दोन बाजूंना, वेगळ्या खेळांत, एकाच मोसमात हा पैसा उसळला. कारण दोन्हीकडे एकच होतं.

त्यानंतर पॅसिफिक गट कोसळला तो एखाद्या कादंबरीच्या वेगाने. जुलै २०२३ मध्ये कोलोराडो गेलं. १ ऑगस्टला गटप्रमुखांनी अ‍ॅपल कंपनीचा प्रस्ताव मांडला: सामने प्रामुख्याने इंटरनेटवर, आणि कमाई वर्गणीदार किती मिळतात त्यावर. ४ ऑगस्टला, म्हणजे तीन दिवसांत, पाच विद्यापीठं बाहेर पडली. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन अर्ध्या वाट्यावर का होईना, बिग टेनमध्ये गेली. अ‍ॅरिझोनाची दोन आणि यूटा ‘बिग ट्वेल्व्ह’ या आणखी एका गटात. सप्टेंबर उजाडताच स्टॅनफर्ड आणि बर्कलीने अटलांटिकची वाट धरली, तीही टीव्हीच्या पैशातला बराच लहान वाटा कबूल करून. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने तर त्याच गटात शिरायला नऊ वर्षं टीव्हीचा पैसा घेणार नाही असं मान्य केलं. मोठ्यांच्या पंक्तीत असणं हीच त्यांना कमाई वाटली. १०८ वर्षांच्या गटात उरली दोन: ओरेगॉन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट. लहान गावांतली ही विद्यापीठं, त्यांच्याजवळ मोठं शहर नाही, म्हणून कुणी बोलावलं नाही.

बिग टेनमध्ये आज १८ संघ आहेत आणि तो गट अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत पसरला आहे. फुटबॉलच्या मुलांचं एक वेळ ठीक. त्यांचे सामने आठवड्यातून एक, वर्षाला बारा-तेरा, आणि विमान खास त्यांच्यासाठी. पण विद्यापीठ गट बदलतं तेव्हा व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, जलतरण असे बहुतेक सगळे खेळ सोबत जातात. व्हॉलीबॉलच्या मुलींना आठवड्याला दोन सामने असतात. त्यांच्या खेळाने हा पैसा आणला नाही. तरी लॉस एंजेलिसहून न्यू जर्सीला जाऊन, तीन तासांनी पुढे असलेल्या घड्याळाशी झगडत, परतीच्या विमानात परीक्षेचा अभ्यास त्यांना करावा लागतो. मला हे पटत नाही. फुटबॉल वेगळा काढून बाकी खेळ जवळच्या गटात ठेवता आले असते, आणि असं म्हणणारे तिथेही पुष्कळ आहेत.

यात एक विचित्र हिशेबही झाला. यूसीएलए आणि बर्कली ही एकाच सरकारी विद्यापीठाची दोन संकुलं. यूसीएलएच्या जाण्याने बर्कलीचं नुकसान झालं म्हणून त्यांच्या सामाईक नियामक मंडळाने यूसीएलएला दरवर्षी १ कोटी डॉलर बर्कलीला द्यायला लावले. वेगळं निघालेल्या भावाने घरी राहिलेल्याला भरपाई द्यावी, तसा हा व्यवहार. आणि ज्यांच्या घामावर हे सगळं उभं आहे त्या खेळाडूंना? २०२१ पर्यंत स्वतःच्या नावावर एक जाहिरातही करता येत नव्हती. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ या वर्षात खेळाडूंना सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटायची मुभा मिळाली. गटांच्या पळापळीत नकाशा फाटला, पण खेळाडूचा वाटा निदान कायद्याच्या पानावर आला.

आपल्याकडे टीव्ही आणि मैदान यांची गाठ कशी पडली? वऱ्हाडापुरतं बोलायचं तर ती फार लवकर पडली. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला गेलं होतं. ते ऑलिंपिक टीव्हीवर दाखवलं गेलेलं पहिलं ऑलिंपिक. शहरात ठिकठिकाणी खास दालनं करून बर्लिनकर तिथे गर्दीने चित्रं पाहत होते. टीव्ही आणि खेळ यांचं लग्न लागत होतं तेव्हा अमरावतीची पोरं त्या शहरात हजर होती.

पुढे आपल्याकडे टीव्ही आला, तेव्हा इथेही एकाधिकारच होता, सरकारचा. क्रिकेटच्या प्रक्षेपणासाठी दूरदर्शन उलट क्रिकेट नियामक मंडळाकडेच पैसे मागत असे. १९९३ च्या हिरो चषकाचे हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला विकले, दूरदर्शनशी भांडण पेटलं आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: आकाशातल्या लहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत, त्यावर सरकारचाही एकाधिकार असू शकत नाही. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचं. अमेरिकेचा १९८४ चा निकाल आणि हा निकाल जोडीने वाचावेत असे आहेत. दोन्हीकडे बांध फुटला आणि पाणी वाहू लागलं. ते वाहिलं मात्र वेगळ्या उतारांवरून.

आपल्याकडे क्रिकेटचे हक्क मंडळ एकत्र विकतं आणि पैसा वाटला जातो. विदर्भाने विदर्भाचे हक्क वेगळे विकले नाहीत, मुंबईने मुंबईचे वेगळे विकले नाहीत. राज्य संघटनांना मंडळाकडून वाटा मिळत गेला आणि त्यातून एरवी कुणाच्या स्वप्नातही नसती अशी गोष्ट घडली. नागपूरजवळ जामठ्याचं मैदान २००८ मध्ये उभं राहिलं, निवासी अकादमी आली, बाहेरून चंद्रकांत पंडितांसारखे प्रशिक्षक आणि वसीम जाफरसारखे फलंदाज आले. साठ वर्षं ज्या संघाला कुणी मोजलं नाही, त्याने १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून रणजी करंडक उचलला. कर्णधार फैज फजल, आणि दिल्लीचा डाव कापून काढणारी रजनीश गुरबानीची हॅटट्रिक. पुढच्याच वर्षी पुन्हा, आणि २०२४-२५ मध्ये तिसऱ्यांदा. अकोल्याचा अथर्व तायडे, अमरावतीचा जितेश शर्मा अशी पोरं या वाटेने आयपीएलपर्यंत पोचली.

त्याच सुमारास विदर्भावर एक वेगळं संकटही होतं. न्यायमूर्ती लोढा समितीने ‘एक राज्य, एक मत’ सुचवलं. महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन संघटना. मत एकच, ते आळीपाळीने वापरायचं. रणजी विजेत्या विदर्भाला मंडळात कायमचं मत नाही, अशी ती विचित्र अवस्था होती. ९ ऑगस्ट २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही पूर्ण सदस्यत्व परत दिलं. पण समितीच्या त्याच सुधारणांमुळे ईशान्येकडच्या राज्यांना दार उघडलं, आणि २०१८-१९ च्या रणजीत संघ झाले २८ चे ३७. बिहार परत आला. मणिपूर, मिझोराम, नागालँड, सिक्कीम, मेघालय, अरुणाचल, उत्तराखंड, पुदुच्चेरी नव्याने आले. यांच्या सामन्यांना टीव्हीवर किती प्रेक्षक मिळणार? जवळपास नाहीच. अमेरिकेतल्या गटांच्या हिशेबाने त्यांना कुणी बोलावलं नसतं. इथे आयपीएलच्या पैशावर ते खेळले.

एकत्र विकून वाटण्याचं हे शहाणपण अमेरिकेलाही ठाऊक आहे. १९६१ च्या कायद्याने तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघांना हक्क एकत्र विकायची मुभा मिळाली आणि ते राष्ट्रीय करारांचा पैसा समान वाटतात. म्हणूनच जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे गावाचा संघ न्यूयॉर्कच्या संघासमोर आजही ताठ उभा आहे. कॉलेजांनी मात्र सिटाडेलचा तो चार केंद्रांवरचा सामना आठवून वेगळं व्हायचं ठरवलं. माझं मन इथे सिटाडेलच्या बाजूचं आहे. तो सारखा वाटा काही भीक नव्हती. लहान संघ असतील तरच मोठ्यांना खेळायला कुणीतरी असतं.

म्हणून आपला नकाशा अगदी निर्दोष आहे, असं नाही. कबड्डीकडे बघा. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली आणि मातीतला खेळ मॅटवर, दिव्यांखाली, स्टारच्या पडद्यावर आला. चढाईला तीस सेकंद, दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरी ‘करो या मरो’. टीव्हीने नकाशासोबत खेळाचा श्वासही मोजून दिला, आणि खेळ त्याने देखणा झाला हे मान्यच करायला हवं. आठ संघांनी सुरुवात झाली, २०१७ मध्ये बारा झाले. नवे आले ते गुजरात, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूच्या नावाने. महाराष्ट्राचे दोन, यू मुम्बा आणि पुणेरी पलटण. ज्या अमरावतीने बर्लिनला कबड्डी दाखवली तिच्या नावाचा, अख्ख्या विदर्भाच्या नावाचा, एकही नाही.

विद्यापीठांच्या खेळाला तर आपल्याकडे अजून टीव्हीने फारसा हात लावलेला नाही. अमरावती विद्यापीठाचे पाच जिल्हे: अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ, वाशीम. तेल्हाऱ्याचा संघ एसटीत किट टाकून अकोटमार्गे निघतो आणि ज्या गावी स्पर्धा असेल तिथे पोचतो. जिंकला-हरला तरी समोरचं कॉलेज ओळखीचं असतं. त्यातलं कुणी मामेभाऊ, कुणी अकरावीचा वर्गमित्र. १९१५ च्या पोर्टलंडमध्ये जो नकाशा होता तो आपल्याकडे आज जिवंत आहे. पण गावोगावच्या टेनिस बॉल स्पर्धा आता यूट्यूबवर थेट दिसतात, समालोचनासकट, कोपऱ्यात धावफलकासकट. कॅमेरा मैदानावर पोचला आहे. त्याचे हक्क अजून कुणी मोजलेले नाहीत, एवढंच. मोजायची वेळ येईल तेव्हा ते एकेका कॉलेजने विकायचे, की पाच जिल्ह्यांनी मिळून, हे आधी ठरवून ठेवलेलं बरं.

मागे राहिलेल्या त्या दोन विद्यापीठांचं काय झालं, तेही सांगतो. त्यांनी कोर्टात जाऊन गटाचं नाव आणि पैसा आपल्याकडे राखला आणि २०२६ साठी नवे सोबती जमवले: बॉइजी स्टेट, कोलोराडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट, यूटा स्टेट. हे पाचही शेजारच्या माउंटन वेस्ट या लहान गटातून ओढून आणले. त्यांच्यासोबत टेक्सास स्टेटलाही घेतलं, ज्याचा पॅसिफिकशी काडीचा संबंध नाही. बिग टेनचा करार २०३० पर्यंतचा आहे, अटलांटिक गटातल्या विद्यापीठांनी हक्क २०३६ पर्यंत लिहून दिले आहेत, पण तिथून बाहेर पडण्याचा दंड २०२५ च्या तडजोडीने वर्षागणिक कमी होत जाणार आहे. आयपीएलचे चालू हक्क संपतात २०२७ च्या हंगामानंतर. म्हणजे पुढची उलथापालथ पाहायला आपल्याला फार वर्षं थांबावं लागणार नाही.